कर्करोगाचा स्वभाव आणि प्रतिमेची किंमत

‘कर्करोग’ हा शब्द एकवचनी आहे आणि त्यातच पुष्कळशा गोंधळाचे मूळ आहे. डॉक्टरांच्या तोंडून तो बाहेर पडला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच दृश्य उभे राहते. शरीरात शत्रू शिरला आहे, तो क्षणाक्षणाला पसरतो आहे आणि आज शस्त्र उचलले नाही तर उद्या उशीर झालेला असेल. तोंडाच्या, फुप्फुसाच्या अथवा स्वादुपिंडाच्या कर्करोगाबाबत ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु उतारवयातील पुरुषांना होणारा प्रोस्टेटचा कर्करोग या चौकटीत बसत नाही, आणि तरीही गेली तीन-चार दशके जगभर त्याला त्याच चौकटीत कोंबण्याचा खटाटोप चालू राहिला. त्याची किंमत लक्षावधी पुरुषांनी आपल्या शरीराने आणि खिशाने मोजली आहे. वैद्यकीय प्रतिमाशास्त्राने या गोंधळातून एक वाट दाखविली आहे खरी. पण ती वाट सर्वत्र सारखीच उपयोगी पडेल की काय, हा प्रश्न वैद्यकाइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

मराठी विश्वकोशाने या ग्रंथीला ‘अष्ठीला’ असे नाव दिले. पण रुग्णालयापासून निवृत्तांच्या कट्ट्यापर्यंत सारे तिला प्रोस्टेट म्हणूनच ओळखतात, तेव्हा येथेही तोच शब्द बरा. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली ही अक्रोडाएवढी ग्रंथी वयोमानाप्रमाणे बहुतेक पुरुषांत वाढते. लघवीची धार मंदावणे, रात्री वारंवार उठावे लागणे ही त्या साध्या वाढीची लक्षणे असून तिचा कर्करोगाशी संबंध असतोच असे नाही. मात्र याच ग्रंथीत कर्करोगही निमूटपणे वास करीत असतो. ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ एल. एम. फ्रँक्स यांनी १९५४ साली अन्य कारणांनी मृत्यू पावलेल्या पुरुषांच्या ग्रंथी तपासल्या, तेव्हा पन्नाशी उलटलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांत कर्करोगाचा अंश आढळला. या माणसांना हयातीत त्याची गंधवार्ताही नव्हती. पुढील अनेक शवविच्छेदन-अभ्यासांनी हेच दाखविले आणि वय वाढते तसे हे प्रमाणही वाढते, असे सांगितले. दुसऱ्या बाजूला, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १४ लक्ष ६७ हजार पुरुषांना या रोगाचे नव्याने निदान झाले आणि सुमारे ३ लक्ष ९७ हजार पुरुष त्याने दगावले. एकाच नावाखाली दोन रोग नांदत आहेत. एक घरात गुपचूप राहणारा भाडेकरू आहे, दुसरा घराला आग लावणारा. दारावरची पाटी मात्र दोघांची एकच.

तेव्हा कर्करोग आहे की नाही एवढे कळून येथे भागत नाही. तो कोणत्या स्वभावाचा आहे हे कळावे लागते. आणि नेमके तेच बराच काळ कोणाला नीट सांगता येत नव्हते.

रक्ताच्या साध्या तपासणीवर हा प्रश्न सोडविण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला. प्रोस्टेटमध्ये तयार होणारे पीएसए नावाचे प्रथिन १९७९ साली अमेरिकेतील बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेत शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. आधीच निदान झालेल्या रुग्णांवर देखरेख ठेवण्यासाठी या प्रथिनाच्या चाचणीला अमेरिकेत १९८६ मध्ये परवानगी मिळाली. रोग शोधण्यासाठी ती मिळाली १९९४ मध्ये. परंतु तोपर्यंत चाचणीचे पेव फुटले होते. अडचण अशी की हे प्रथिन कर्करोगाने वाढते, तसेच ग्रंथीच्या साध्या वाढीने वाढते, जंतुसंसर्गाने वाढते आणि नुसत्या वयानेही वाढते. ग्रंथीत काहीतरी घडत आहे एवढीच वर्दी ते देते. काय घडत आहे हे सांगत नाही. ज्यांनी १९७० साली प्रोस्टेटमधील अशा प्रतिजनाचे वर्णन केले ते रिचर्ड ॲब्लिन २०१० साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये या चाचणीच्या सरसकट वापराविरुद्ध इतके कडवटपणे लिहिते झाले, यावरून प्रकरण कोठवर गेले होते याची कल्पना यावी.

चाचणी निरुपयोगी होती असे मात्र नव्हे. सात युरोपीय देशांतील ५५ ते ६९ वयाच्या १ लक्ष ६२ हजार पुरुषांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पीएसए चाचणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू शेकडा २० ने घटले होते. पण एक मृत्यू टाळण्यासाठी १४१० पुरुषांना तपासणीला बोलवावे लागले होते आणि ४८ अधिक पुरुषांवर उपचार करावे लागले होते. तेवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२५ मध्ये याच प्रयोगाचे आकडे पुन्हा आले, तेव्हा एका टळलेल्या मृत्यूमागे ४५६ निमंत्रित आणि १२ जादा निदाने असा हिशेब निघाला. काळ जाईल तसा लाभ अधिक दिसतो हे खरे. तरीही एका टळलेल्या मृत्यूच्या पाठीशी अकरा जण असे उभे आहेत, की ज्यांच्या निदानाने कोणताच मृत्यू टळलेला नाही. उपचार म्हणजे ग्रंथी काढून टाकणे किंवा किरणोपचार. त्यानंतर लघवीवरचा ताबा जाणे, लैंगिक असमर्थता येणे अथवा शौचाच्या तक्रारी उद्भवणे हे दुर्मिळ अपघात नव्हेत, नित्याचे परिणाम आहेत. या गोष्टी पुरुष चारचौघांत बोलत नाहीत, म्हणून त्या हिशेबात धरल्या जात नाहीत, इतकेच.

पीएसए वाढलेले आढळले की पुढची पायरी बायॉप्सीची, म्हणजे ग्रंथीचा तुकडा काढून तपासण्याची. रूढ पद्धतीत गुदमार्गातून ध्वनिलहरींचे यंत्र घालून दहा-बारा सुया ठराविक जागी टोचल्या जात. ध्वनिलहरींना ग्रंथी दिसते, तीमधील गाठ बहुधा दिसत नाही. म्हणजे स्तनाच्या गाठीत वा यकृतातील डागात सुई घालताना डॉक्टर गाठ पाहून सुई घालतो आणि येथे मात्र शेताच्या चारी कोपऱ्यांतून मूठमूठ माती उचलून पिकाचा अंदाज करतो, तसा हा प्रकार. कोपऱ्यात दडलेला उग्र कर्करोग सुयांच्या मधून निसटावा आणि निरुपद्रवी अंश मात्र सुईत अडकावा, हे वारंवार घडे. शिवाय सुई गुदमार्गातून जात असल्याने जंतुसंसर्गाचा धोका, आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढल्यापासून तो धोका अधिकच गंभीर.

सुईत आलेल्या तुकड्याचा स्वभाव ठरविण्याची रीत डोनाल्ड ग्लीसन यांनी घालून दिली. मिनिॲपोलिस येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयातील या विकृतिशास्त्रज्ञाने १९६६ साली जी श्रेणी सुचविली ती थोड्याफार फरकाने आजही चालते. पेशींची रचना कितपत विस्कटली आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १ ते ५ असे अंक द्यायचे, सर्वाधिक आढळणाऱ्या दोन नमुन्यांच्या अंकांची बेरीज करायची. आज प्रत्यक्षात सर्वांत सौम्य कर्करोगाची बेरीज ६ येते, सर्वांत उग्राची १०. बेरीज ६ असणारा कर्करोग शरीरात अन्यत्र पसरणे इतके विरळ आहे की त्याला कर्करोग म्हणणेच थांबवावे, असा प्रस्ताव शिकागोचे स्कॉट एगनर आणि त्यांचे सहकारी यांनी २०२२ मध्ये मांडला. नाव बदलल्याने रोग बदलत नाही हे खरे, पण नाव ऐकून रोगी जो निर्णय घेतो तो मात्र बदलतो. ग्लीसन यांची पद्धत पक्की होती. कच्ची होती ती तिच्या हाती तुकडा पोहोचविणारी आंधळी सुई.

या सुईला डोळे देण्याचे काम चुंबकीय अनुनाद प्रतिमेने, म्हणजे एमआरआयने केले. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना ज्या तंत्राबद्दल २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते हेच. शरीरातील पाण्याच्या रेणूंत हायड्रोजनची केंद्रके असतात. ती प्रबळ चुंबकीय क्षेत्रात रेडिओलहरींना जो प्रतिसाद देतात त्यावरून प्रतिमा बनते. क्ष-किरणांचा उपसर्ग यात नाही. पण नुसत्या आकृतीवरून रोगाचा स्वभाव कळणे कठीण. त्यासाठी पाणी कोठे आहे यापेक्षा ते किती मोकळेपणे हलते आहे हे पाहण्याची युक्ती उपयोगी पडली.

निरोगी प्रोस्टेट ही बारीक नलिकांचे जाळे असलेली, द्रवाने भरलेली ग्रंथी आहे. तिच्यात पाण्याचे रेणू मोकळ्या मैदानावरील माणसांसारखे इकडेतिकडे सहज फिरतात. कर्करोग वाढू लागला की नलिकांची रचना मोडते, पेशींची दाटी होते आणि जत्रेच्या गर्दीत सापडलेल्या माणसाप्रमाणे पाण्याचा रेणू जागच्या जागी अडकतो. हे अडकणे एमआरआयला मोजता येते. त्याचा एक अंक निघतो. पेशींची दाटी जेवढी अधिक तेवढा अंक खाली. नेदरलँड्समधील नायमेगेन येथील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की ग्रंथीच्या बाह्य भागातील कर्करोगांत हा अंक आणि ग्लीसन यांची श्रेणी यांचे प्रमाण व्यस्त असते. ग्लीसन सूक्ष्मदर्शकातून जी विस्कटलेली रचना पाहत होते, तिचीच सावली आता शरीराला सुईही न लावता बाहेरून दिसू लागली. आकृती, पाण्याची हालचाल आणि शिरेतून दिलेले गॅडोलिनियमयुक्त द्रव्य गाठीत किती वेगाने शिरते, या तिन्ही गोष्टी एकत्र वाचून संशयास्पद जागेला १ ते ५ गुण देण्याची ‘पाय-रॅड्स’ नावाची पद्धत युरोपातील तज्ज्ञांनी २०१२ मध्ये बसविली. १ म्हणजे उग्र कर्करोगाची शक्यता अत्यल्प, ५ म्हणजे अतिशय दाट.

तंत्र आकर्षक असले म्हणजे ते उपयोगी असतेच असे नाही, आणि येथे ब्रिटनमधील एका प्रयोगाचा उल्लेख थोडा विस्ताराने करणे भाग आहे, कारण असे सचोटीचे प्रयोग वैद्यकात फार होत नाहीत. ‘प्रॉमिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगाचे निष्कर्ष हाशिम अहमद, मार्क एम्बर्टन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. पीएसए वाढलेल्या ५७६ पुरुषांची आधी एमआरआय काढण्यात आली. नंतर, त्या प्रतिमेत काय दिसले हे शस्त्रक्रिया करणाऱ्याला कळू न देता, त्यांची रूढ पद्धतीची बायॉप्सी झाली. आणि या दोहोंपैकी खरे कोण बोलते हे ठरविण्यासाठी भूल देऊन संपूर्ण ग्रंथीतून दर ५ मिलिमीटरवर एक याप्रमाणे सुया घालून तुकडे काढण्यात आले. म्हणजे दोन साक्षीदारांची उलटतपासणी झाली ती प्रत्यक्ष घटनास्थळाचा पंचनामा हाती घेऊन.

पंचनाम्यात ५७६ पैकी २३० जणांत दखल घेण्याजोगा उग्र कर्करोग निघाला. रूढ बायॉप्सीने त्यांपैकी शेकडा ४८ जणांचाच पकडला होता, एमआरआयने शेकडा ९३ जणांचा. ज्या तपासणीवर जगभर दोन पिढ्यांच्या पुरुषांचे भवितव्य ठरविले गेले ती निम्म्याहून अधिक धोकादायक कर्करोग नजरेआड करीत होती, असा याचा अर्थ होतो. तथापि एमआरआयच्या बाजूनेही सारे आलबेल नव्हते. ज्यांना उग्र कर्करोग नव्हता त्यांपैकी केवळ शेकडा ४१ जणांना तिने निर्दोष सोडले; उरलेल्या ५९ जणांवर विनाकारण संशय घेतला. तिने निर्वाळा दिलेले पुरुष होते १५८, आणि त्यांतही १७ जणांत पंचनाम्याला उग्र रोग सापडला. चांगला पहारेकरी आहे, पण संशयखोर आहे आणि कधीमधी डुलकीही घेतो, असे फार तर म्हणता येईल.

पुढच्याच वर्षी ‘प्रिसिजन’ नावाच्या प्रयोगाने व्यवहारातील प्रश्न विचारला. ११ देशांतील ५०० पुरुषांपैकी निम्म्यांची सरळ रूढ बायॉप्सी झाली. निम्म्यांची आधी एमआरआय काढून, तीत संशयास्पद काही दिसले तरच आणि तेथेच सुई घालण्यात आली. एमआरआय गटातील शेकडा २८ जणांना सुई लावावीच लागली नाही. तरीसुद्धा या गटात उग्र कर्करोग अधिक सापडले, शेकडा २६ च्या जागी ३८. आणि निरुपद्रवी कर्करोग कमी सापडले, शेकडा २२ च्या जागी ९. ‘कमी सापडणे’ हे यश मानावे लागते असा प्रसंग विज्ञानात क्वचित येतो. ब्रिटनच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१९ मध्ये संशयित रुग्णाची प्रथम एमआरआय काढावी अशी सूचना दिली, ती या पार्श्वभूमीवर. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे तर सर्वसामान्य पुरुषांच्या चाळणीतच हे तत्त्व लावून पाहिले गेले. केवळ एमआरआयने दाखविलेल्या जागीच बायॉप्सी केल्यास निरुपद्रवी कर्करोगांचे निदान निम्म्यावर येते, असे २०२२ मध्ये तेथून कळविण्यात आले. त्याची किंमत म्हणून थोडेसे दखलपात्र कर्करोग तेवढ्यापुरते मागे राहिले.

निरुपद्रवी कर्करोग सापडला तरी त्याला हात न लावता केवळ नजर ठेवणे धोक्याचे नाही काय, ही शंका साहजिक आहे. तिचे उत्तर ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ प्रयोगाने दिले. ग्रंथीपुरताच मर्यादित कर्करोग असलेल्या १६४३ पुरुषांची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि देखरेख अशा तीन गटांत विभागणी झाली होती. सुमारे पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार या कर्करोगाने मृत्यू पावलेले पुरुष होते ४५, म्हणजे शेकडा २.७, शस्त्रक्रिया गटात २.२, किरणोपचार गटात २.९ आणि देखरेख गटात ३.१. हा फरक इतका अल्प आहे की संख्याशास्त्र त्याला फरक मानीत नाही. अन्य कारणांनी गेलेल्यांची संख्या याच्या कित्येक पट होती. देखरेख गटात रोग अन्यत्र पसरण्याचे प्रमाण मात्र जवळजवळ दुप्पट होते, शेकडा ५ च्या आसपास असण्याऐवजी ९.४, हे लपवून उपयोगाचे नाही. पण ही देखरेख एमआरआयशिवाय, त्या जुन्या आंधळ्या सुईच्या भरवशावर सुरू झाली होती, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे. देखरेखीखाली कोणाला ठेवावे आणि कोणाला मुळीच ठेवू नये, हे निवडण्यातच प्रतिमेचे खरे मोल आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे परिचित प्रदेशात आल्यासारखे वाटेल. माहितीला किंमत असते ती तिच्यामुळे निर्णय बदलत असेल तरच. एमआरआय काढून, तीत काही नाही असे पाहूनही ‘असू दे, खात्री करून घेऊ’ म्हणून सुई घालायचीच असेल, तर त्या प्रतिमेचे मोल शून्य आणि खर्च मात्र पूर्ण. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावरील आपल्या विख्यात निबंधात दाखविले होते की या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, म्हणून भाजीबाजाराचे नियम येथे लागू पडत नाहीत. मिल्टन रोमर यांचे निरीक्षण तर त्याहून रोखठोक होते: रुग्णालयात खाट उपलब्ध झाली की ती भरते. यंत्राबाबतही तेच. कोट्यवधींचे कर्ज काढून आणलेले यंत्र रिकामे ठेवणे कोणालाच परवडत नाही. ब्रिटनमध्ये वा स्वीडनमध्ये टळलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेमागे सार्वजनिक तिजोरीचा पैसा वाचतो, म्हणून ‘काही करू नका’ असे सांगणारी प्रतिमा तेथे बचत ठरते. जेथे शस्त्रक्रिया हे उत्पन्नाचे साधन आहे तेथे तीच प्रतिमा तोटा ठरेल. यंत्र तेच, चुंबक तेच, निकाल मात्र व्यवस्थेप्रमाणे वेगळा.

भारतात हा प्रश्न दोन टोकांनी पेट घेतो. २०२२ मध्ये देशात या कर्करोगाचे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण असावेत, असा वर उल्लेखिलेल्या संस्थेचाच अंदाज. लोकसंख्येच्या मानाने हा आकडा पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ कमी आहे. पण आयुर्मान वाढत आहे, आणि मुंबई, पुणे, दिल्ली या शहरांच्या कर्करोग नोंदणीत पुरुषांच्या कर्करोगांमध्ये त्याने वरची जागा पटकावली आहे. आपल्याकडचा मोठा वर्ग निदानाला येतो तोच रोग पसरल्यानंतर. कंबरदुखी म्हणून महिनोन्‌महिने मालीश आणि वेदनाशामके चालतात, आणि शेवटी कोणीतरी मणक्याची तपासणी करतो तेव्हा हाडात उतरलेला कर्करोग दिसतो. अशा रुग्णांबाबत रोगाचा स्वभाव ओळखण्याची वेळ टळून गेलेली असते. तो कोठवर पसरला हे जाणणे उरते. त्यासाठी पीएसएमए पेट नावाची दुसरी प्रतिमा उपयोगी पडते. कर्करोगी पेशींच्या पृष्ठभागावर विपुल असणाऱ्या एका प्रथिनाला चिकटणारे किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देऊन ती काढतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३०२ रुग्णांवरील ऑस्ट्रेलियन प्रयोगात तिची अचूकता शेकडा ९२ भरली, तर जुन्या सीटी आणि अस्थि-स्कॅनची मिळून ६५. महाग असली तरी पसरलेल्या रोगावर मोठी शस्त्रक्रिया व्यर्थ करण्यापेक्षा ती स्वस्तच.

दुसरे टोक शहरी मध्यमवर्गाचे. पन्नाशीवरील पुरुषांसाठी विकल्या जाणाऱ्या आरोग्य-तपासणीच्या संचात पीएसए हटकून असते. साठीतला निवृत्त शिक्षक कसलीही तक्रार नसताना, सवलतीची जाहिरात वाचून रक्त देऊन येतो, आणि चार दिवसांनी कागदावरील एका ठळक अंकाने त्याची झोप उडते. या अंकाचा अर्थ समजावून सांगायला त्याच्यासमोर कोणी बसलेला नसतो. तेथून बायॉप्सी, ‘कर्करोग’ हा शब्द, घरातील रडारड आणि ठेव मोडून केलेली शस्त्रक्रिया अशी उतरंड लागते. या उतरंडीवर पहिल्या पायरीशीच एमआरआयचा अडसर घातला पाहिजे, यात शंका नाही. मात्र म्हणून सर्व पुरुषांची सरकारी खर्चाने चाळणी करावी, ही मागणी आपल्या परिस्थितीत टिकणारी नव्हे. केंद्र सरकारच्या चाळणी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा असे तीन कर्करोग आहेत, आणि ती निवड योग्यच आहे. तंबाखूने पोखरलेल्या या देशात तोंडात टॉर्च मारून पाहायला पैसा कमी लागतो आणि चाळिशीतला कर्ता माणूस वाचतो. तोच रुपया दोनदा खर्चता येत नाही.

अडसर घालायचा तर तो भक्कम हवा. प्रोस्टेटची एमआरआय काढणे आणि वाचणे ही गुडघ्याच्या एमआरआयसारखी सरधोपट गोष्ट नव्हे. गुदमार्गातील वायूने किंवा खुब्याच्या कृत्रिम सांध्यातील धातूने पाण्याच्या हालचालीची प्रतिमा विकृत होते. उग्र आणि सौम्य गाठींचे अंक पुष्कळदा एकमेकांत मिसळतात. एकाच प्रतिमेला दोन तज्ज्ञ वेगवेगळे गुण देतात. आपल्याकडे आणखी एक खाचखळगा आहे, तो क्षयाचा. प्रोस्टेटला झालेला क्षय अथवा तत्सम दाह प्रतिमेत हुबेहूब उग्र कर्करोगासारखा दिसू शकतो. संगणकाच्या कृत्रिम बुद्धीला प्रतिमा वाचायला शिकविण्याचा जो मोठा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तिने २० देशांतील ६२ तज्ज्ञांच्या सरासरीपेक्षा सरस कामगिरी केली. परंतु तिचे शिक्षण झाले होते प्रामुख्याने नेदरलँड्समधील रुग्णांच्या प्रतिमांवर. जिने क्षय क्वचितच पाहिला आहे त्या बुद्धीवर सोलापूर वा चंद्रपूरच्या रुग्णाचा भार टाकण्यापूर्वी तिला येथील शाळेत बसवावे लागेल. देशातील कर्करोग रुग्णालयांना जोडणारे, टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने चालणारे राष्ट्रीय कर्करोग जाळे हाताशी आहेच. जिल्ह्याच्या गावी काढलेली प्रतिमा तेथील अनुभवी डोळ्याने दुसऱ्यांदा वाचण्याची सोय त्यातून करता येणे अशक्य नाही. दिलासा एवढाच की खर्च उतरणीला लागला आहे. ‘प्राइम’ या प्रयोगाने २०२५ मध्ये दाखविले की शिरेतून द्यावयाचे गॅडोलिनियम वगळून काढलेली छोटी एमआरआय पूर्ण एमआरआयइतकेच उग्र कर्करोग शोधते. वेळ निम्म्यावर, औषध नाही, त्याच यंत्रावर दिवसाला अधिक रुग्ण. अट एकच, प्रतिमा उत्तम निघाली पाहिजे.

राहता राहिला पैसा कोण देणार हा प्रश्न, आणि खरी मेख तेथेच आहे. आपला आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याभोवती विणलेला आहे. केवळ तपासणीसाठी दाखल झाल्यास खर्च मिळणार नाही, हे विमा नियामकाने प्रमाणित केलेल्या अपवर्जनांतच नमूद आहे. गरिबांसाठीच्या सरकारी योजनांतील दरपत्रकेही बहुतांशी शस्त्रक्रिया आणि दाखल रुग्णाचे उपचार यांची. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या योजनेत तपासण्यांचे दर ठरलेले आहेत, पण ते भाग्य खाजगी शाळेतील शिक्षकाला वा सहकारी पतपेढीतील कारकुनाला नाही. परिणाम असा की एमआरआय काढून ‘तुमचा कर्करोग सौम्य आहे, दरवर्षी दाखवून जा’ असा सल्ला ज्याला मिळाला त्याला सारा खर्च पदरचा. आणि ज्याची ग्रंथी काढून टाकली त्याला तपासणीसकट सर्व बिल परत. विमा कंपनीने कापण्याला बक्षीस आणि थांबण्याला दंड ठेवलेला आहे, तोही स्वतःच्या नुकसानीत, कारण एका टळलेल्या शस्त्रक्रियेच्या पैशात देखरेखीखालील रुग्णाच्या कित्येक वर्षांच्या तपासण्या निघतील. देखरेखीलाच उपचार मानून तिचे वार्षिक दरपत्रक ठरवावे: ठराविक महिन्यांनी पीएसए, ठरलेल्या अंतराने छोटी एमआरआय, गरज पडल्यास प्रतिमेने दाखविलेल्या जागी बायॉप्सी, आणि प्रतिमा वाचणाऱ्याचा मेहनताना पुढील शस्त्रक्रियेशी कोणत्याही मार्गाने न जोडलेला. राज्याच्या जनआरोग्य योजनेत एवढी एक ओळ घालण्यासाठी नव्या यंत्राची आवश्यकता नाही.